गुजरीतले पांढरे झगे

अण्णा,

अम्माचा दमा कसा आहे? तिकडे थंडी किती असते कोण जाणे, पण आपल्याकडच्या डिसेंबरसारखी धुक्याची सकाळ असेल तर तिला ओव्याची पुरचुंडी शेकायला सांगा, ती आपणहून करायची नाही. आत्याला आता दिसतं का? शेवटी शेवटी सुई माझ्या हातात द्यायची, आणि मी ओवून दिली की म्हणायची, दोरा जाड आणलास गं. धाकटा चालायला लागला असेल. इथे होता तोवर भिंत धरून उभा राहण्यापर्यंतच त्याची मजल गेली होती. तिकडे कुणी बोट धरायला आहे ना? आणि तुमची पाठ? मशीनवर वाकून वाकून तिचा कोयता झाला होता. आता तरी सरळ बसता की तिथेही कुणाची मापं घेत असता?

माझं विचाराल तर गुडघे गेले, पण डोळे आहेत. भिंग लावून अजून काजं करते. आणि मुख्य सांगायचं म्हणजे मला लिहिता येतं. बेतणीसाठी तुम्ही रद्दीची वर्तमानपत्रं आणायचा ना, त्यावरची मराठी अक्षरं मी एकेक करून लावत गेले. बाहीच्या कागदावर अर्धी बातमी असायची, उरलेली कुठे गेली म्हणून दुसरा कागद शोधायचा. तुम्हाला आकडे तेवढे यायचे आणि खडूच्या खुणा. उभी रेघ म्हणजे काप, दोन ठिपके म्हणजे चुणी, आणि फुली म्हणजे चुकलं, उसवून परत कर. माझ्या कामावर तुम्ही किती फुल्या मारल्या त्याला गणती नाही. तुमच्या स्वतःच्या कापावर मात्र मी एकही पाहिली नाही. तेव्हा हे पत्र पोचलं तरी तुम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल हे मला माहीत आहे. घ्या वाचून. इतकी वर्षं मी गप्प होते.

परवा दाराशी एक तरुण आला. पांढरा झगा, हातात पावतीपुस्तक. फादर होण्यासाठी सेमिनरीत शिकणाऱ्या गरीब मुलांसाठी मदत मागत होता. मी त्याला बसवलं, कॉफी दिली, आणि म्हटलं, बाबा, देईन, पण तुझ्या हातात नाही, तुमच्या फाटकाशी येऊन देईन. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मावशी, माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "तुझ्यावर आहे रे. झग्यावर नाही." तो बिचारा खराही असेल. विसळलेला कप मी फळीवर आदळला, आणि तो राग त्याच्यावरचा नव्हता, अण्णा. तुमच्यावरचा होता.

जुन्या शहरातल्या पेटेतले सगळे नातेवाईक सोडून तुम्ही दंडूत, छावणीच्या भागात, दुकान थाटलंत. नातेवाईक म्हणायचे, शिंप्यानं गोऱ्यांच्या वस्तीत जाऊन चर्चची चाकरी धरली. तुम्ही हसायचा. गोरे गेले, पण चर्च राहिलं, सेमिनऱ्या राहिल्या, आणि झगे लागतच राहिले. फादर व्हायला शिकणाऱ्या त्या पोरांना आख्खी गल्ली ब्रदर म्हणायची. झगा चढवण्याचा त्यांचा विधी व्हायचा त्याआधी प्रत्येकानं आपला झगा, आपली ट्रंक, आपलं अंथरूण आणायचं अशी रीत होती. ज्यांच्या घरचं बरं होतं ते बापाबरोबर यायचे. बाकीचे एकटे यायचे आणि दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ उगाच घुटमळायचे.

आणि तुम्हाला कळायचं. ही एक गोष्ट मी तुमच्याकडून कधी काढून घेणार नाही. झग्याचं माप बनियनवर घ्यायचं असतं, वरचा सदरा उतरवून. पडद्यामागे सदरा उतरला की तुम्हाला ते बनियन दिसायचं: ठिगळावर ठिगळ, काखेत नुसती जाळी. तोंडानं ती पोरं काही बोलायची नाहीत, सेमिनरीच्या मोठ्या फादरनाही सांगायची नाहीत, पण शिंप्यापुढे अंग लपत नाही. तुम्ही आत वळून मला म्हणायचा, "याचं मनात ठेव." म्हणजे याची मजुरी घ्यायची नाही. चर्चला जाणाऱ्या बायकांनाही हे ठाऊक झालं होतं. पलीकडच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या टीचरबाई, मंगळूरकडच्या, तुमच्या बिस्किटाच्या डब्यात अशा पोरांसाठी दर महिन्याला काही पैसे टाकून जायच्या. कानडीत म्हणायच्या, टेलर, कुणाला द्यायचं ते तुम्हीच बघा, तुमचे डोळे पाळकांपेक्षा बरे. तुम्ही "सरी, सरी" म्हणून मान डोलवायचा, आणि त्या गेल्या की दिवसभर मशीनचा आवाज वेगळाच यायचा. आपण ना त्यांच्या देवळातले, ना जातीतले, आणि तरी त्या बायकांचा विश्वास आपल्या डब्यात. मलाही अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू.

त्यातच तो बेळगावकडचा पोरगा आला. खानापूरच्या पलीकडल्या जंगलपट्टीतला, हिरवी रंगवलेली पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन. दुकानात मराठी ऐकली आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू घरचा दिवा दिसला. अम्माला पहिल्या दिवसापासून मावशी. रविवारी सुटी मिळाली की हजर. "मावशी, भाकरी हाय काय? तिकडं भात, भात आणि भात. पोटाला वाटतंय, मीबी ताटात पडल्यालं शीत हाय." अम्मा नाचणीची भाकरी थापते, तो चुलीपुढे उकिडवा बसून लसणाची चटणी बोटानं चाटतो आहे, आणि मी काजं करता करता हसते आहे, हे मला आत्ता या क्षणाला दिसतं. त्याच्या गावच्या फादरनं पहिल्या वर्षाच्या खर्चाचं कसंबसं भागवलं होतं. पुढल्या वर्षाचं जूनपर्यंत आलं नाही तर वर्षभर घरी जाऊन थांब, असं त्याला सांगण्यात आलं होतं. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. "अरे, डबा आहे ना आपला. तू पुस्तकं वाच." त्याच्या झग्याचं कापड तुम्ही त्याच दिवशी कापायला घेतलंत.

मग होळीच्या सुमाराला तो माणूस आला. जाडजूड, मृदू आवाजाचा, पांढऱ्या झग्यातला. म्हणाला, होसकोटेच्या पुढे आम्ही एक घर काढलं आहे, ज्या मुलांचा भार त्यांचं गाव उचलू शकत नाही त्यांच्यासाठी. कुठल्याही सेमिनरीतला मुलगा असो, आम्ही त्याच्या मोठ्या फादरकडे परस्पर भरतो. एकेका घरानं एकेका ब्रदरचा खर्च पत्करायचा. तो ब्रदर रोज त्या घरासाठी प्रार्थना करील. छान बोलत होता. पण तुम्ही ऐकतच नव्हता, अण्णा. तुम्ही त्याच्या झग्याची शिलाई बघत होता. कॉलरच्या आत तुमची ती उलटी टीप, जी दंडूत दुसरा कुणी घालत नसे. तुम्ही उठून उभे राहिलात, आणि तुमचा चेहरा असा फुलला की जणू पोटचं पोर मोठं होऊन दारात आलं आहे. "फादर, हा झगा या दुकानातला." तो पण क्षणभर थांबला, मग हसला. "म्हणूनच तर इथे आलो, टेलर."

मी पडद्याआडून बघत होते. काजं माझी होती, ती मलाही ओळखू आली. पण खांदा उतरत होता. बाही मनगटाच्या वर. खालची दुमड उसवून लांबी काढली होती, जुन्या दुमडीची रेघ पिवळी पडून तशीच दिसत होती. तो पाणी प्यायला लागला तेव्हा मी तुम्हाला आत बोलावून म्हटलं, "अण्णा, झगा त्याच्या मापाचा नाही."

"देवाची माणसं. एकमेकांचे कपडे घालतात."

"मग मोठ्या फादरना एकदा विचारून या ना. सायकल आहे. स्वल्प वेळाचं काम."

तेव्हा तुम्ही मोठ्यानं बोललात, त्याला ऐकू जाईल असं. "ज्याच्या अंगावर माझी शिलाई आहे त्याला मी दारात उभा करून ओळख मागू? तू शहाणी झालीस? काजं कर, काजं!"

अम्मानं चुलीवरून मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. मी काजं केली.

डबा तुम्ही त्याच्यापुढे ठेवलात तो ठेवलातच, वर त्याला घेऊन घरोघर गेलात. टीचरबाईंकडे, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे, घोड्याचा जटका हाकणाऱ्याच्या बायकोकडे, जिनं मुलीच्या कानातल्यासाठी साठवलेलं त्यातलं काढून दिलं. तो बोलायचा कमी. तुम्हीच सांगायचा: आमच्याच दुकानाचा झगा आहे, बाई, माणूस घरचा समजा. बेळगावच्या पोरालाही सांगितलंत, आता काळजी सोड, तुझं परस्पर भरलं जाईल. तो तुमच्या पाया पडला. तुम्ही पडू दिलंत.

जून आला. रविवार नसताना तो पोरगा दुपारचा आला, तेव्हाच मी हातातलं काज अर्धं टाकलं. मोठे फादर म्हणाले होते, कसलं घर, कुठले फादर, आमच्याकडे कुणी काही भरलेलं नाही. तुम्ही मशीनवरून उठलात. कोट चढवलात आणि होसकोटेची बस धरलीत. संध्याकाळी आलात, पाय धुतलेत, दोन तांबे पाणी प्यायलात आणि मशीनवर बसलात. अम्मानं विचारलं, "सापडलं का घर?" तुम्ही म्हणालात, "नाचणीचं शेत आहे तिथे." एवढंच.

पुढच्या रविवारी मशीनच्या एका भागासाठी तुम्ही मला घेऊन गुजरीत गेलात. जुन्या लोखंडाच्या, फुटक्या दिव्यांच्या, उसवलेल्या बुटांच्या त्या बाजारात मला आवडायचं. आपल्या कामाचं काहीतरी नेहमी मिळायचं. जुन्या कपड्यांच्या गल्लीत दोरीवर दोन पांढरे झगे लोंबत होते. तुम्ही जवळ जाऊन एकाची कॉलर उलटलीत. मग दुसऱ्याची. मला उलटावी लागली नाही, समोरून काजं दिसत होती. तुम्ही ती शिलाई बोटानं चाचपत तसेच उभे राहिलात तेव्हा दुकानदार म्हातारा वैतागला. "क्या बड़े मियाँ, लेना है तो लेओ, मेरे माल पे हाथ कायकू पोंछते?"

तुम्ही विचारलंत, हे कुठून येतात.

"वो पढ़नेवाले छोकरे देके जाते. उनकू घर भेज देते ना, तो टिकिट के वास्ते बेचते. और क्या है उन लोगाँ के पास बेचने कू? होली के पहले एक मोटा आदमी आको एक ले गया. बोला, नाटक में पहनना है."

आणि तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. नाटक चांगलं झालं असेल, म्हणाला.

अण्णा, तुम्ही फुकट शिवून दिलेले झगे होते ते. ज्यांचं "मनात ठेव" म्हणाला होता त्यांचे. तुम्हाला त्यांची फाटकी बनियनं दिसली, पण काय हवं, असं तुम्ही त्यांना एकदाही विचारलं नाहीत. तुमच्या हातात जे होतं ते दिलंत, आणि वाटलं, झालं. त्यातल्या कुणाला परत पाठवलं, तर त्याच्याकडे घरी जायचं भाडं नव्हतं. विकायला तुमचा झगा तेवढा होता. तोच त्या माणसानं विकत घेतला, आणि तोच बघून तुम्ही त्याला घरचा म्हणालात. परत येताना मी तुमच्या मागून चालत होते. वाटलं, आता थांबाल, आता वळून काहीतरी बोलाल. तुम्ही पुढेच चालत राहिलात. मशीनचा भाग आणायचा राहून गेला.

दोन दिवसांनी टीचरबाई आल्या. बसल्या नाहीत. तुम्ही सुरू केलंत, "बाई, मीही फसलो हो, माझाही डबा गेला." त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "टेलर, आम्ही त्याला कुठे दिलं होतं? आम्ही तुम्हाला दिलं होतं." त्यानंतर त्यांचे झंपर दुसरीकडे शिवायला गेले.

पण त्याहून जास्त मला तो शनिवार खुपतो. बेळगावचा पोरगा निरोप घ्यायला आला. अम्मानं भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधून दिली. तुम्ही दुकानात होता, मध्ये नुसता पडदा. त्यानं हाक मारली, "अण्णा, येतो." तुम्ही मशीन जोरात चालवायला लागलात. नुसतंच, अण्णा, सुईखाली कापड नव्हतं, मी पडदा सारून बघितलं आहे. तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग मला म्हणाला, "अक्का, अण्णांस्नी सांगा, झगा राहू दे तसाच कापल्याला. पुढल्या साली येतो की मी." आणि निघाला. त्याच्या काखेत बोचकं होतं. ती हिरवी ट्रंक नव्हती. गुजरी बघून आठवडासुद्धा झाला नव्हता. ट्रंक कुठे गेली आणि कशासाठी गेली हे सांगायला कुणी नको होतं. सकाळीच एका झग्याची मजुरी आली होती, तुमच्या खिशात होती. पायरी उतरून चार ढांगा टाकायच्या होत्या. तुम्ही उठला नाहीत. मशीन तेवढी फिरत राहिली.

तो पुढल्या साली आला नाही. नंतर कळलं की हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात लागला, लग्न केलं, मुलं झाली. तसं वाईट नाही झालं त्याचं. पण त्याला ते व्हायचं नव्हतं.

आणि तुम्ही काय केलंत? डबा माळ्यावर टाकलात. त्यानंतर जितके झगे शिवलेत, त्या सगळ्यांची मापं सदऱ्यावरून घेतलीत. सदरा उतरवू लागलेल्या पोराला हातानं थांबवायचा: "राहू दे, वरून घेतो, अंदाज आहे मला." झगे थोडे ढिले व्हायला लागले. लोक म्हणाले, टेलरचं वय झालं. मला माहीत होतं तुम्हाला काय बघायचं नव्हतं. एका लबाडानं डबा नेला, अण्णा. तुमचे डोळे त्यानं नव्हते नेले, ते तुम्ही स्वतः मिटलेत. तसेच मिटून गेलात. तुमच्या तेराव्याला पेटेतले नातेवाईक म्हणत होते, फार भोळा माणूस, दयेपायी फसला. मी पंगतीत वाढत होते. दयेपायी कुठे, शिलाईच्या गर्वापायी, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी भात वाढला.

तुम्ही गेल्यावर दुकान मी चालवलं. पहिलं ठिगळाचं बनियन माझ्यापुढे आलं तेव्हा मी मुकाट्यानं ते माप लिहून घेतलं, दुकान बंद केलं आणि सेमिनरीचं फाटक गाठलं. बाहेरून किती वेळा बघितलेलं, पण आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. तिथे हिशेब बघणारे एक म्हातारे फादर होते, तमिळ माणूस, बोलायला साधा. म्हणाले, कोणाला काय कमी आहे हे आम्हाला त्याच्या गावच्या फादरकडून येतं. तुम्ही इथे द्या, घराच्या नावानं पावती घ्या, आणि हवं तर त्या मुलाला बोलावून विचारा, मिळालं का. इतकं सोपं होतं. सायकलवर जाऊन विचारण्याइतकं. मी विचारलं, आणि ज्यांना परत पाठवता त्यांचं? त्यांनी हिशेबाची वही मिटली. म्हणाले, "अम्मा, राहणाऱ्यासाठी लोक देतात. जाणाऱ्यासाठी आजवर कुणी दिलं नाही."

तेव्हापासून मी तेवढंच देते. जाणाऱ्याचं भाडं आणि वाटेतल्या जेवणाचं. पाकीट त्याच्या हातात, फाटकाशी, आणि झगा तुझाच आहे, विकू नकोस म्हणून सांगते. काही पोरं रडतात, काही रागानं बघतही नाहीत. दोन्ही बरोबर आहे.

आता एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगताना माझाच मला राग येतो. ते पाकीट कुणाकडून, असं पोरं विचारतात. इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आले आहे: आमच्या अण्णांकडून, त्यांची तशी रीत होती. तुमची तशी रीत नव्हती. तुम्ही उठला नव्हता. तरी माझ्या तोंडून दर वेळी तेच निघतं, आणि ते म्हणताना मला बरं वाटतं.

त्या पोराचा कापलेला झगा माझ्या पेटीत आहे. पुढा, पाठ, बाह्या, सगळं तुमच्या हातचं, खडूच्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत. हे पत्र त्याच्यातच घडी घालून ठेवते आहे, आणखी कुठे टाकणार? उत्तर पाठवा, अण्णा, आणि लवकर पाठवा, मला आता फार थांबता येणार नाही. लिहिता येत नाही हे कारण सांगू नका. कापडाचा एक तुकडा घ्या, त्यावर खडूनं एक फुली मारा आणि पाठवून द्या. मला वाचता येईल.